मदत हवी आहे: सीताबर्डी–बुटीबोरी फोन जोडलेत, पण आवाज एकाच बाजूने
नमस्कार मंडळी. आमचं ऑफिस नागपुरात सीताबर्डीला, गोदाम बुटीबोरी एमआयडीसीत. दोन्हीकडे फ्रीपीबीएक्स (ऑफिसचं फोन एक्स्चेंज चालवणारं सॉफ्टवेअर), मध्ये एसआयपी ट्रंक (दोन्ही एक्स्चेंज इंटरनेटवरून जोडणारी लाइन). एक्स्टेंशन लागतं, घंटी वाजते, गोदामवाल्याचं बोलणं इकडे स्वच्छ ऐकू येतं. आमचा आवाज मात्र त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तो बिचारा 'हॅलो, हॅलो' करत राहतो, तिकडे गेटवर ट्रक ताटकळतात.

सीताबर्डीला स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) आहे. कॉल जोडायचा ५०६० आणि आवाजाचे १०००० ते २०००० पोर्ट उघडलेत, दोन्हीकडे एसआयपी एएलजी (राउटरची फोन कॉलच्या डेटात फेरफार करणारी सोय) बंद. बुटीबोरीच्या राउटरवर १००.६४ ने सुरू होणारा आयपी दिसतो, म्हणजे तिथे सीजीनॅट आहे (इंटरनेट कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटते, त्यामुळे बाहेरून थेट आत येता येत नाही).

वायरगार्ड टनेल (दोन्ही जागा जोडणारा व्हीपीएन) टाकू, की एसआयपी सोडून आयएएक्स२ या दुसऱ्या फोन प्रोटोकॉलवर जाऊ? आयएएक्स२ मध्ये सिग्नल आणि आवाज एकाच ४५६९ पोर्टवरून जातात, म्हणून मन तिकडे ओढतंय. बाहेरचे कॉल यातून न्यायचे नाहीत, फक्त आपसातले. कोणी असं चालवत असेल तर सेटिंग सांगा जी.