आपल्या गावचं नाट्यगृह: ज्याच्या त्याच्या आठवणी

गोव्यात नाटक म्हटलं की पणजीची कला अकादमी नाहीतर मडगावचं रवींद्र भवन एवढीच नावं येतात. पण फोंडा, म्हापसा, डिचोली, साखळी, कुडचडे असल्या शहरांत जे हॉल होते आणि आहेत, कुठे पालिकेचे, कुठे देवळाच्या आवारातले, त्यांच्याबद्दल कोण लिहिणार? उद्घाटन कोणी केलं ते कोनशिलेवर मिळतं. पडदा कोण ओढायचं, लाईट गेली की काय करायचे, नाटकाला पैसे कुठून यायचे, हे माणसांकडेच असतं आणि त्यातली बरीचशी माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. म्हणून हा धागा. मोठं लिहा, चार ओळी लिहा, पण लिहा. सुरुवात मीच करतो.

मी फोंडा तालुक्यातला. आमच्याकडे नाटक देवळातनं आलं. दीनानाथ मंगेशकर 1900 साली मंगेशीला जन्मले, गायक जितेंद्र अभिषेकीबुवाही तिथलेच, आणि हे काही योगायोगानं झालं असं मला वाटत नाही, कारण ज्या देवळात कीर्तन, भजन, चौघडा रोजचा असतो तिथल्या पोरांच्या कानावर सूर आपसूक पडतो. उत्सवात पालखी झाली की रात्री अकरा-बाराला गाऱ्हाणं, नारळ, मग नांदी, आणि नाटक संपेपर्यंत फटफटायचं. आज फोंड्यात राजीव गांधी कला मंदिर आहे, चांगला रंगमंच आहे, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण उत्सवाच्या नाटकाला जागा फुकट असायची. हॉल घेतला की भाडं, डिपॉझिट, साऊंड, सेटचा टेम्पो, सगळं आलं. माझं म्हणणं एवढंच की कुठल्याही शहरातला हॉल असो, दर महिन्याला एक तारीख गावच्या हौशी मंडळींसाठी कमी भाड्यात राखून ठेवायला हवी. तुमच्याकडे काय चालतं ते सांगा.

म्हापशाहून
आमच्या लहानपणी नाटक म्हणजे हनुमान नाट्यगृह. शुक्रवारच्या बाजाराला आलेली आजूबाजूच्या गावची माणसं जाता जाता बोर्ड वाचून जायची, तीच जाहिरात. मुंबईची नाटक कंपनी गोव्याच्या दौऱ्यावर आली की आई दुपारीच जेवण करून ठेवायची आणि वाड्यावरच्या सगळ्या बायका मिळून जायच्या. बायकांना एकट्यानं रात्री बाहेर पडायची सोय नव्हती तेव्हा नाटक हे एक कारण घरात चालायचं, हे मला मोठी झाल्यावर उमगलं. सासू माझ्याबरोबर मोकळेपणी पहिल्यांदा बोलली ती नाटक बघून परत येताना. बाकी काही लिहित नाही, एवढं पुरे.

डिचोलीहून, वय ७९
मी नट नव्हे, मी लाईटवाला. दिव्याचा उजेड कमीजास्त करतो तो डिमर, आताच्या पोरांना तो म्हणजे बटणं वाटतात म्हणून सांगतो. आम्ही मिठाच्या पाण्याचा डिमर करायचो. मातीचा जाड पाईप, खालून बंद, आत पाणी, त्यात मीठ, तळाशी एक पत्रा आणि वरनं दोरीला टांगलेला दुसरा पत्रा. वरचा पत्रा हळूहळू खाली सोडला की दोन पत्र्यांतलं अंतर कमी होतं, करंट जास्त जातो आणि दिवा उजळतो. वर ओढला की मंद. मीठ जास्त पडलं तर पाणी उकळायला लागायचं, कमी पडलं तर दिवा लाल निखाऱ्यासारखा, धड उजेडच नाही, म्हणून दुपारी चिमूट चिमूट टाकून बघायचं. हातात रबरी मोजे, पायाखाली लाकडी फळी, आणि कोणाही पोराला जवळ येऊ द्यायचं नाही, कारण धोका खरा होता, घरी कोणी करून बघू नका. पण पहाटेचा सीन असला आणि मी दोरी सोडत गेलो की राजवाड्याच्या रंगवलेल्या पडद्यावर उजेड असा चढायचा की समोरची माणसं गप्प व्हायची. ते पडदे भाड्याचे, राजवाडा, जंगल आणि रस्ता, तीनच, सगळी नाटकं त्यातच बसवायची. मेकअपला सफेदा, पिवडी, हिंगूळ असल्या रंगाच्या पुडी, मिशी चिकटवायला स्पिरिट गम. ती मिशी काढताना राजे लोक ओरडायचे ते अजून कानात आहे.

कुडचडेहून
आमच्या भागातलं नाटक खाणीवर चालायचं हे स्पष्ट बोललं पाहिजे. स्मरणिकेत ट्रकवाल्यांच्या, गॅरेजवाल्यांच्या, बार्जवाल्यांच्या जाहिराती, त्यातनं अर्धा खर्च सुटायचा. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या आणि दारात ट्रक उभे राहिले, हप्ते फिटेनात, अशा माणसाकडे नाटकाची वर्गणी कशी मागायची? आमच्या मंडळाचं नाटक त्या काळात बंद पडलं. रवींद्र भवन इथं आहे, खुर्च्या आहेत, एसी आहे, पण तालीम करणारा मुलगा पोटापाण्यासाठी वेर्ण्याच्या फॅक्टरीत शिफ्टला जातो, संध्याकाळी सहाला तो येणार कुठून? इमारत बांधणं हे काम संपतं, माणसं जमवणं संपत नाही. वर म्हटलंय ते राखीव तारखेचं मला शंभर टक्के पटतं, फक्त तारीख रविवारची द्या.

मडगावहून
आमच्याकडे गोमंत विद्या निकेतन 1912 पासून आहे, म्हणजे पोर्तुगीज असतानाच लोकांनी आपल्या बळावर वाचनालय आणि व्याख्यानं चालवली. 2008 ला रवींद्र भवन झालं, तिथल्या मोठ्या हॉलला पै तियात्रिस्त, म्हणजे तियात्राचे (गाण्यांसकटच्या कोंकणी नाटकाचे) जनक मानले जाणारे जुवांव आगुस्तीन फर्नांडिस, यांचं नाव आहे. मला यातलं आवडतं ते असं की एकाच रंगमंचावर एक दिवस तियात्र, दुसऱ्या दिवशी संगीत नाटक, आणि मी दोन्हीला जातो. तियात्राचा पब्लिक बघा, रविवारची मास (चर्चमधली प्रार्थना) करून थेट तिकीट खिडकीवर, कुटुंबच्या कुटुंब, कांतार म्हणजे त्यातलं गाणं आवडलं की वन्स मोअर. आपण मराठी नाटकवाले फुकट पास मागतो, ते लोक तिकीट काढतात. तियात्र स्वतःच्या पायावर उभा आहे तो यामुळे. हे आपण शिकायला हवं, अगदी मनापासून सांगतो.

साखळीहून
मी भजनवाली. आमच्याकडे हॉलचा वापर नाटकापेक्षा भजन स्पर्धेला जास्त, मनोहरबुवा शिरगावकरांच्या नावानं कला अकादमीची स्पर्धा असते, त्यात महिला पथकंही गातात. पूर्वी तालीम देवळात, जुलैत पत्र्यावर पाऊस पडायला लागला की पखवाज ऐकू येत नसे, हार्मोनियमवाला नुसता बोटांकडे बघून वाजवायचा. हॉल मिळाला आणि पहिल्यांदा आम्हाला आमचाच आवाज नीट ऐकू आला, कोण बेसूर तेही कळलं!! मागच्या खेपेला आमच्या सुनांनी गवळण गायली, पुढच्या वर्षी त्यांनाच पुढे बसवायचंय. डिचोलीच्या आजोबांना एक विनंती, आमच्या पोरांना लाईटचं शिकवायला या, डिमर आताचाच वापरू, पण उजेड कुठे आणि किती हे तुम्हीच सांगा. गाडी पाठवतो.