शब्दचर्चा: ‘पोर्ट करणे’ आणि ‘रिअल-टाइम’

मूळ प्रश्न

डिप्लोमाच्या मुलांसाठी मायक्रोकंट्रोलरची (यंत्रात बसवायच्या छोट्या संगणक-चिपची) टिपणं मराठीत लिहितोय आणि ‘पोर्ट करणे’ व ‘रिअल-टाइम’ या दोन शब्दांपाशी अडलोय. धडा ब्लू पिल नावाच्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर फ्रीआरटीओएस ही रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम (आरटीओएस) चालवण्याचा आहे. चिप एसटीएम३२एफ१०३, प्रोसेसरचा गाभा कॉर्टेक्स-एम३, ७२ मेगाहर्ट्झ, रॅम फक्त २० केबी.

मुलं ‘आरटीओएस चढवला’ म्हणतात. पण चढवणं म्हणजे तयार बायनरी (कंपाइल झालेला प्रोग्राम) चिपच्या फ्लॅश मेमरीत लिहिणं, आणि ते काही सेकंदांत होतं. पोर्ट करणं, म्हणजे एका चिपसाठीचं सॉफ्टवेअर दुसऱ्या चिपवर चालेल असं करणं, त्याच्या आधीचं. ‘स्थलांतर’ म्हणावं तर त्यात जुनी जागा सुटते, इथे तोच कर्नल (आरटीओएसचा मूळ भाग) जुन्या चिपवरही चालू राहतो. ‘रूपांतर’ तर नकोच, कर्नलचं रूप बदलत नाही. इंग्रजीतला हा पोर्ट बंदराचा नव्हे, ‘पोर्टेबल’च्या कुळातला आहे, म्हणजे मुळात वाहून नेण्याचा. पण ‘वाहून नेला’ म्हटलं की मला पूर आठवतो.

प्रतिसाद १

सर, आमच्या रत्नागिरीत याला शब्द तयार आहे: कलम बांधणं. रायवळ आंब्याच्या खुंटावर हापूसची काडी बांधतात. मुळं रायवळची, फळ हापूसचं. कसब सगळं सांध्यात. साल सालीला नीट भिडली नाही तर काडी सुकते.

मूळ लेखक

दादा, हे फार नेमकं आहे. फ्रीआरटीओएसच्या टास्क (कामं), क्यू (रांगा) आणि लिस्ट (याद्या) यांच्या फायलींना हातच लागत नाही, ती काडी. चिप हा खुंट. सांधा म्हणजे पोर्ट डॉट सी आणि पोर्टमॅक्रो डॉट एच या दोन फायली. एक टास्क थांबवून दुसरं सुरू करताना कॉर्टेक्स-एम३ आठ रजिस्टरं (प्रोसेसरमधले आकडे ठेवायचे कप्पे) आपणहून स्टॅकवर, म्हणजे त्या टास्कच्या राखीव मेमरीत, ठेवतो. आर४ ते आर११ ही उरलेली आठ मात्र सांध्यातल्या कोडलाच ठेवावी लागतात. त्यातलं एक विसरलं तरी टास्क परत येतं ते भलत्याच आकड्यांनिशी.

प्रतिसाद २

थांबा जरा. कॉर्टेक्स-एम३साठी पोर्ट डॉट सी फ्रीआरटीओएसबरोबर तयारच मिळते. मग तुमची मुलं कलम बांधतात कुठे? नर्सरीतून तयार कलम आणून लावतात.

मूळ लेखक

ताई, पटलं. इंग्रजीत दोन्हीला ‘पोर्ट’च म्हणतात, म्हणून मीही घोळ करत होतो. आता टिपणात असं लिहितो: नव्या प्रोसेसरसाठी सांधा स्वतः लिहिला तर कलम बांधलं, तयार सांधा घेऊन बोर्डावर जमवला तर कलम लावलं.

लावण्यातही कसब आहे हे मात्र मुलांना सांगायलाच हवं. पहिल्या वेळी माझे दोन दिवस गेले. कोड बिनचूक कंपाइल झाला, पण बोर्डावरचा दिवा लुकलुकेना. डीबगर (चिपच्या आत काय चाललंय ते दाखवणारं साधन) लावला तर चिप डिफॉल्ट हँडलरच्या, म्हणजे कुणी न सांभाळलेल्या हाकांसाठीच्या फंक्शनच्या, अंतहीन लूपमध्ये फिरत बसलेली. पहिलं टास्क सुरू करायला कर्नल एसव्हीसी नावाची हाक प्रोसेसरला देतो, आणि व्हेक्टर टेबलमध्ये (कुठल्या हाकेला कुठलं फंक्शन चालवायचं त्या यादीत) त्या जागी फ्रीआरटीओएसच्या फंक्शनचं नावच नव्हतं. एसव्हीसी, पेंडएसव्ही (टास्क बदलायची हाक) आणि सिसटिक (घड्याळाची हाक) अशा तीन नावांच्या तीन ओळी कॉन्फिग फाइलीत घातल्या आणि दिवा लागला.

प्रतिसाद १

आणि ‘रिअल-टाइम’? वर्तमानपत्रात ‘तात्काळ’ वाचलंय.

मूळ लेखक

‘तात्काळ’ने मुलांची समजूतच चुकते. त्यांना वाटतं रिअल-टाइम म्हणजे वेगवान. ७२ मेगाहर्ट्झची चिप फोनपुढे कितीतरी हळू आहे, तरी ती ठरल्या क्षणी काम करते. एअरबॅग उशिरा उघडून उपयोग नाही आणि उगाच आधी उघडूनही नाही. १९९७ साली मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान पुन्हापुन्हा रीसेट होत होतं, ते कमी महत्त्वाच्या टास्कने सामायिक गोष्टीचं कुलूप धरून ठेवल्यामुळे. त्या कुलपासाठी थांबलेल्या जास्त महत्त्वाच्या टास्कचं काम वेळेत पुरं झालं नाही, म्हणून यानाने स्वतःला रीसेट केलं. पृथ्वीवरून प्रायॉरिटी इनहेरिटन्स (कुलूप धरणाऱ्या टास्कला तेवढ्यापुरतं वरच्या टास्कचं महत्त्व देणं) चालू केल्यावर ते थांबलं.

मला ‘वक्तशीर’ हा शब्द सुचतो. वक्तशीर माणूस धावत येईलच असं नाही, पण वेळेवर येतो. ‘वक्तशीर कार्यप्रणाली’ वर्गात एकदा म्हणून पाहिलं, अर्थ कुणी विचारला नाही.

प्रतिसाद २

छान आहे. मग कर्नलच्या घड्याळाच्या ठोक्याचं, म्हणजे ‘टिक’चं, काय करणार?

मूळ लेखक

‘टिक’ तशीच ठेवतोय. मिलिसेकंदाला एक टिक; घड्याळाचा तो आवाज मुलांच्या कानात आधीपासून आहे.