पजेरो घेतली, वाळवंटातल्या ऑफरोड क्लबात जायचंय, गाडीवर आधी किती खर्च करू?

अल_नहदावाला

नमस्कार मंडळी, मी शारजाला अल नहदात राहतो, मूळचा पुण्याचा. तिकडे पावसाळ्यात मित्राच्या थारमधून मावळात चिखल तुडवायला जायचो त्यामुळे ऑफरोड अगदीच नवीन नाही, पण वाळूत अजून एकदाही गाडी घातलेली नाही. आता सेकंडहँड पजेरो घेतलीये, २०१४ची, व्ही सिक्स, जीसीसी स्पेक म्हणजे आखाती देशांसाठी बनवलेली, आधीच्या मालकाने नुसती ऑफिसला जायला वापरलेली. एका क्लबात नाव घातलंय आणि नवख्यांचा ड्राइव्ह अल बदायरच्या वाळवंटात आहे. त्यांच्या यादीत पुढेमागे टो हुक, झेंडा, फावडं, फायर एक्स्टिंग्विशर, कॉम्प्रेसर वगैरे आहे, ते ठीक. पण हुक दाखवायला इंडस्ट्रियल एरियात एका गॅरेजवर गेलो तर त्या माणसाने दोन इंच लिफ्ट (गाडी उंच करणं), मड टेरेन म्हणजे चिखलाचे टायर, विंच (गाडी ओढून काढायची मोटर आणि दोर) आणि स्नॉर्कल (इंजिनला उंचावरून हवा देणारी नळी) असं धरून साडेनऊ हजार दिरहमचं कोटेशन दिलं, वर म्हणाला याच्याशिवाय वाळूत जाऊच नका. बायकोने ते वाचल्यापासून घरात वातावरण तंग आहे. खरंच हे सगळं आधी लागतं का? आणि बायको आणि सात वर्षांचा मुलगा पहिल्याच ड्राइव्हला आले तर चालतं का?

वाळूकाका

कोटेशन फाडून टाक. खरंच.

मड टेरेन टायरचं आधी सांगतो कारण चिखलातून आलेल्या प्रत्येकाला हेच वाटतं. मावळातल्या चिखलात टायर माती खणतो आणि खालचा कडक थर पकडतो. वाळूत खाली कडक थर नसतोच, खणशील तितका खाली जाशील, पार गाडीचं पोट टेकेपर्यंत. इथे टायरने वाळूच्या वर राहायचं असतं आणि त्यासाठी साधे हायवे टायर किंवा ऑल टेरेन बरे, फक्त जुने झालेले, बाजूला चिरा गेलेले नकोत. वर राहायचं ते हवा कमी करून. रस्त्यावर हवेचा दाब ३५ पीएसआय असतो तो १५ वर आणला की टायर खाली पसरतो, रुंदीत फार नाही पण लांबीत बराच, आणि गाडीचं वजन जास्त जागेवर वाटलं जातं. तीच गाडी, तोच ड्रायव्हर, तोच चढ, ३० वर बसलेली गाडी १५ वर चालत निघून जाते. आणि याला एक दिरहम लागत नाही.

विंचला दोर बांधायला काहीतरी लागतं. बदायरच्या लाल वाळूत झाड मिळालंच तर ते घाफचं असेल, म्हणजे आपली शमीच, इथलं राष्ट्रीय झाड आहे ते, त्याला दोर लावायचा विचारही करू नको. आणि विंचचं वजन नेमकं नाकावर येतं, जिथे ते सगळ्यात नकोय. क्लबात तुला दुसरी गाडी ओढते, विंच नाही. स्नॉर्कल पाण्यासाठी, आपल्याकडे पाणी कुठंय. लिफ्टने गाडी उंच होते आणि आडव्या उतारावर कलंडायला सोपी होते, नवख्याला ते सगळ्यात शेवटी पाहिजे.

आता खरं महत्त्वाचं, हुक. खाली वाकून बघ. बऱ्याच गाड्यांना जहाजातून आणताना बांधायच्या पातळ कड्या असतात, त्या टो हुकसारख्या दिसतात पण ओढायच्या नसतात. वाळूत रुतलेली दोन-सव्वादोन टनांची गाडी झटक्याने ओढली की अशी कडी तुटून गोळीसारखी येते. मागे ट्रेलरचा बॉल असेल तर त्यालाही गाडी ओढायचा पट्टा कधी अडकवायचा नाही, बॉल तुटून माणसं मेलेली आहेत. तुमच्या मार्शलला, म्हणजे क्लबात ड्राइव्ह सांभाळणाऱ्याला, फोटो पाठव, तो सांगेल.

बाकी प्रेशर गेज चांगला घे, कॉम्प्रेसर बॅटरीला क्लिप लावायचा घे, सिगरेट लायटरवाला घेतलास तर चार टायर भरेपर्यंत बाकीचे घरी पोचून बिर्याणी खात असतील. साडेपाचशे-सहाशे दिरहममध्ये सगळं होतं.

मिरजेची_एफजे

काकांशी नव्वद टक्के सहमत, पण लिफ्टबद्दल थोडं वेगळं म्हणणं आहे. पजेरोचा पुढचा बंपर खाली आलेला असतो आणि मागची बाजूही लांब आहे, त्यामुळे खोलगट जागेत उतरून लगेच चढताना बंपर वाळूत घुसतो आणि प्लॅस्टिकच्या क्लिपा तुटतात. खूप पजेरोवाले झिप टाय लावून फिरतात ते उगीच नाही. माझ्या मते इंचभर वाढवली तर बिघडत नाही, पण काका म्हणतात तसं नंतर. आधी काही ड्राइव्ह कर, कुठे घासतंय ते बघ आणि मग ठरव. आणि इथे गाडीत मोठे बदल केले की मुलकियाच्या (गाडीच्या नोंदणीच्या) टेस्टिंगला अडकू शकते, परवानगी लागते, तेही विचारून घे.

झेंडा का ते कोणी सांगत नाही म्हणून सांगते. टेकडीच्या पलीकडून कोण येतंय ते माथ्यावर येईपर्यंत दिसत नाही, बदायरला तर बग्ग्या आणि क्वाड कुठूनही उगवतात. गाडीच्या आधी झेंडा दिसतो. म्हणून उंच पाहिजे, अँटेनाला बांधलेलं फडकं नाही.

फॅमिलीचं म्हणशील तर पहिल्या ड्राइव्हला एकटा ये. काही क्लब लहान मुलांना न्यूबीला, म्हणजे नवख्यांच्या ड्राइव्हला, घेतच नाहीत. पहिल्या दिवशी तुझं लक्ष रेडिओ, पुढच्या गाडीच्या खुणा आणि एक्सलरेटर यातच जाणार, मागून कोणी उलटी येतेय म्हणालं तर तू थांबशील आणि नेमका चुकीच्या जागी थांबशील. आणि वहिनींना नुसतं शेजारी बसायला आणू नकोस, त्यांचं लायसन्स असेल तर त्यांनाही नाव घालू दे. मी तशीच आले होते, नवरा चालवणार आणि मी डबे सांभाळणार असा प्लॅन होता, आता तो डबे सांभाळतो.

हळू_पण_नक्की

मध्येच घुसतो, माझ्याकडे ऑल व्हील ड्राइव्ह क्रॉसओव्हर आहे, स्नो आणि सँड मोड पण आहे डायलवर, क्लबने नाही म्हटलं. का? सेल्समन तर म्हणाला होता डेझर्टला चालते 😕

वाळूकाका

लो रेंज, म्हणजे हळू पण जास्त ताकदीने चालायचा गिअर, नाही म्हणून. तुमच्या गाडीत मागच्या चाकांना ताकद एका क्लचमधून जाते, मऊ वाळूत तो तापतो आणि स्वतःला वाचवायला बंद होतो, मग उरतात फक्त पुढची दोन चाकं. वरून खाली रिकव्हरीचा धड हुक नाही आणि जमिनीपासून उंचीही कमी. सेल्समनला कच्चा रस्ता म्हणायचा असेल. त्यासाठी ती छानच आहे.

अल_नहदावाला

काका आणि ताई, खूप आभार. डायलवर २एच, ४एच, ४एचएलसी, ४एलएलसी असं आहे, वाळूत कुठलं? आणि १५ म्हणजे १५च का, यूट्यूबवर कोणी १२ म्हणतं कोणी १८. प्रत्यक्ष चालवायच्या चार गोष्टी पण सांगा, क्लबवाले सकाळी दहा मिनिटांत भराभर सांगतात म्हणे.

मिरजेची_एफजे

४एचएलसी, म्हणजे मधला डिफरन्शियल लॉक, पुढची आणि मागची चाकं एकत्र बांधल्यासारखी फिरतात. वाळू लागायच्या आधीच टाक, रुतल्यावर नाही. ४एलएलसी म्हणजे लो रेंज, फार मऊ वाळूतून हळू बाहेर निघायला किंवा उभा उतार सावकाश उतरायला. आणि ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण दाबून धरून बंद कर, नाहीतर चढावर चाक जरा घसरलं की तो इंजिनची ताकद कापतो आणि तू अर्ध्यातच उभा.

हवा १५ ने सुरू कर. त्याखाली गेलास की जोरात वळवताना टायर रिममधून निघतो, पॉपआउट म्हणतात, मग जॅक, जॅकखाली लाकडी फळी, वाळू साफ करा, सगळा ग्रुप उन्हात उभा. रुतल्यावर निघायला तात्पुरती १० पर्यंत उतरवतात पण मग हळू चालवायचं आणि लगेच परत भरायची. अजून एक, सकाळी सातला थंड टायरवर १५ केलेली दुपारपर्यंत दोन-तीनने वाढते, मधल्या ब्रेकला मोजायची. वाळू पण बदलते, सकाळी दव असतं तेव्हा घट्ट असते, ऊन चढलं की भुसभुशीत, म्हणजे जो चढ नऊला सहज गेला तो अकराला जाईलच असं नाही.

चालवताना ब्रेक विसर. ब्रेक दाबलास की चाकांपुढे वाळूचा ढीग होतो आणि परत निघताना तोच आडवा येतो. पाय काढ, वाळूच गाडी थांबवते, आणि थांबताना शक्यतो उताराकडे तोंड. चढावर दम संपला, रिफ्यूजल झालं, तर तिथे गाडी वळवायची नाही, कलंडते. रिव्हर्स टाकायचा आणि आलास त्याच खुणांवरून सरळ मागे. माथा नेहमी काटकोनात ओलांडायचा, तिरका गेलास तर आडवा घसरशील, आणि माथ्यावर ताकद एकदम सोडलीस तर पोट टेकून झोपाळ्यासारखा लटकशील, पुढची चाकं हवेत मागची हवेत. पलीकडची बाजू, वाऱ्याच्या आडोशाची, ती उभी असते, वाळू तिथे साधारण ३२ ते ३४ अंशांवर घसरून थांबलेली असते, वरून बघितलं की पोटात गोळा येतो पण सरळ उतरलास तर काही होत नाही. उतरताना मागची बाजू वळायला लागली तर ब्रेक नाही, थोडा गॅस आणि स्टिअरिंग खालच्या दिशेला.

आणि रुतलास तर चाकं फिरवू नकोस प्लीज. सगळे नवीन पुरुष हेच करतात, अजून थोडा गॅस देतो निघेल म्हणून. रेडिओवर सांग स्टक, आणि थांब.

पॉलिसी_आधी_वाचा

सगळे गाडीबद्दल बोलले, मी कागदांबद्दल बोलतो. इन्शुरन्स काढून बघ ऑफरोड कव्हर आहे का. फोर बाय फोरच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत बऱ्याचदा असतं पण सगळ्यांत नाही, आणि थर्ड पार्टीवाल्याने तर आशाच सोडावी. दुसरं, इथे पोलिस रिपोर्ट नसेल तर गॅरेज बॉडीचं काम हातात घेत नाही, पुण्यासारखं ओळखीच्या डेंटिंगवाल्याकडे सोडून आलो असं चालत नाही. म्हणजे वाळूत दरवाजा चेपला तरी रिपोर्ट लागणार. ओढून आणण्याआधी जागेचं लोकेशन आणि फोटो घेऊन ठेवायचे.

आणि क्लब म्हणजे सफारी कंपनी नाही हे डोक्यात ठेव. लोक फुकट वेळ देतात, तू सही करतोस की माझी जबाबदारी माझी. नाव घालून ऐनवेळी गळलास की पुढच्या वेळी मागे टाकतात, बरोबरच आहे, एका मार्शलला किती गाड्या झेपतात त्याला मर्यादा असते.

वाळूकाका

वरचं बरोबर. एकट्याने किंवा दोन मित्र मिळून जायचं नाही हेही जोडतो, विशेषतः न्यूबीतून फ्यूबी, म्हणजे वरच्या पायरीवर, गेल्यावर, तेव्हा अंगात येतं. लगेच अबू धाबीतल्या लिवाच्या मोठ्या वाळवंटाचे प्लॅन सुरू होतात. तिथला मोरीब ड्यून ३०० मीटरच्या आसपास उंच आहे, तिथे पाहुण्यासारखं बघायला जा, चालवायला नंतर.

आणि कुठेही गाडी घालायची नाही. कुंपणं असतात, उंटांचे गोठे असतात, राखीव क्षेत्रं आहेत. मलीहा-फायाचा भाग २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, त्यामुळे फॉसिल रॉकच्या बाजूला जुने ट्रॅक जीपीएसमध्ये आहेत म्हणून घुसू नये, लीड, म्हणजे सगळ्यात पुढची गाडी, नेईल तिथूनच. सबखा म्हणजे खारट सपाट जमीन दिसली, विशेषतः पावसानंतर, तर सगळ्यात सपाट म्हणून तिथेच जाऊ नको, वरून कोरडी आणि आत चिखल, तिथे तुझा मावळ पण उपयोगाचा नाही.

अल_नहदावाला

काका, मार्शलला फोटो पाठवले. पुढचा हुक चालेल म्हणाला, मागची कडी बांधायचीच निघाली, बोटभर जाड. गॅरेजवाला म्हणतो वेल्डिंग करून देतो जाड कडी, शंभर दिरहम.

वाळूकाका

वेल्डिंग नको. ते आतून किती धरलंय ते दिसत नाही आणि सुटलं तर ओढणाऱ्याच्या काचेतून जातं. चासीला बोल्टने बसणारा टो बार मिळतो, चौकोनी रिसीव्हरवाला, तो बसवून घे आणि त्यात बॉलच्या जागी शॅकलचा (पट्टा अडकवायच्या पोलादी कडीचा) ठोकळा. शॅकल रेटिंग लिहिलेलंच घ्यायचं. पट्टा नायलॉनचा, ताणणारा, साखळी नको.

सिलिंडर, जॅक, पाण्याचा बॉक्स सगळं बांधून ठेव, मोकळं एकही नको, आणि फायर एक्स्टिंग्विशर हाताला लागेल असा, डिकीत सामानाखाली नाही. ड्राइव्ह संपल्यावर घरी जायच्या आधी गाडीखाली वाकून सुकं गवत अडकलंय का बघ, सायलेन्सरला चिकटलं की पेटतं. हवा भरल्याशिवाय हायवेवर चढायचं नाही. एअर फिल्टर त्याच आठवड्यात झटक.

मिरजेची_एफजे

आणि पंपावर सांगितलेल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी, टाकी फुल करून. वाळूत पेट्रोल रस्त्याच्या दुपटीनेही जातं. मधल्या ब्रेकला काही खायला आणणार असशील तर थालीपीठ आण, आमच्या ग्रुपचा लेबनीज मार्शल त्यावर एक जास्तीची टेकडी फिरवून आणतो.