मदत हवी आहे: अर्ली डिसिजनचा अर्ज आणि सामायिक सातबारा

अमेरिकेतल्या खासगी विद्यापीठाला अर्ली डिसिजनने (म्हणजे लवकरचा, बांधून घेणारा अर्ज) अर्ज करायचा आहे, आर्थिक मदत लागणारच. मुदत बहुतेक ठिकाणी 1 नोव्हेंबर, निकाल डिसेंबरच्या मध्यावर. प्रवेश मिळाला तर बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. तशा करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या. पैसेवाल्यांचं फावतं ते इथेच, त्यांना चार ठिकाणच्या मदतीच्या रकमा ताडून बघायची गरज नसते. मदत अपुरी पडली तर करारातून सुटता येतं, पण तोवर जानेवारीच्या सुरुवातीची रेग्युलर, म्हणजे नेहमीच्या अर्जांची मुदत डोक्यावर येते. शिवाय बरीच विद्यापीठं परदेशी अर्जदाराची ऐपत प्रवेश ठरवतानाच बघतात. (हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनचा लवकरचा अर्ज बांधून घेत नाही, हे माहीत आहे.)

अडलंय ते सीएसएस प्रोफाइलवर, म्हणजे आर्थिक मदतीसाठी घरचं उत्पन्न आणि मालमत्ता दाखवायच्या ऑनलाइन फॉर्मवर. सातबाऱ्यावर काका-आत्यांसह पाच नावं, वाटणी झालेली नाही. किंमत वडिलांच्या हिश्श्याचीच लावायची ना? ती रेडी रेकनरने की बाजारभावाने? शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे रिटर्न भरलेलं नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला इंग्रजी भाषांतर आणि नोटरीसह चालतो का? ज्यांनी हे कागद अलीकडे भरलेत, त्यांनी नेमकं काय जोडलं ते कृपया सांगा.