स्लॅमची बोली: ब्लॅकवुड सोडून आणखी काय ठेवावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इथे कुणी ब्रिज (पत्त्यांचा खेळ) खेळणारे आहेत का? माझे भिडू म्हणजे आमच्याच सोसायटीतले एक काका, वय ७१. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुष जोडीचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा मी या खेळाच्या नादी लागलो. काका त्याआधीपासून चाळीसेक वर्षं खेळताहेत. गेमपर्यंत (बोनस मिळवून देणारी बोली, जसं ४ इस्पिक) आमचं झकास जमतं, स्लॅमचा (तेरापैकी किमान बारा हात घेण्याच्या बोलीचा) वास आला की गाडी घसरते.

गेल्या शनिवारचा डाव बघा (ए म्हणजे एक्का, रा राजा, गु गुलाम). माझी पानं:

इस्पिक ए रा गु ८ ५, बदाम ७ ४, चौकट ए रा राणी ३, किलवर रा ६.

काकांची:

इस्पिक राणी १० ७ २, बदाम गु ८ ५, चौकट ७ ४, किलवर ए राणी गु ८.

मी १ इस्पिक, काका ३ इस्पिक (आमच्यात १० ते १२ गुण). मी लगेच ४ नोट्रम्प (बिनहुकूम; हीच ब्लॅकवुड, भिडूला एक्के किती ते विचारणारी बोली), उत्तर ५ चौकट, म्हणजे एक एक्का. एकच एक्का बाहेर आहे म्हणून ठोकले ६ इस्पिक. विरोधकाने बदामाचा एक्का उतरवला, मग राजा, आणि शांतपणे माझ्याकडे बघितलं. बाकी अकरा हात माझेच होते. नॉनव्हल्नरेबल (दंड कमी असतो त्या स्थितीत) होतो, ४ इस्पिकवर थांबून ४५० मिळायचे तिथे ५० घालवले.

काका म्हणाले, "नशीब." मला नाही पटत. बदामात आमच्याकडे ना एक्का ना राजा, हे ब्लॅकवुड कसं सांगणार? हुकमाचा राजा पाचवा एक्का धरून की-कार्ड विचारलं असतं तरी इथे तेच झालं असतं. क्यू बिड (एखाद्या रंगातली ताकद दाखवणाऱ्या बोली) असते तर मी ४ किलवर म्हणालो असतो, काका बदामात काही दाखवता न आल्याने ४ इस्पिकवर परतले असते, विषय संपला.

पण इथेच पहिली अडचण. काकांच्या जुन्या पद्धतीत पहिला क्यू बिड फक्त एक्का किंवा रिकाम्या रंगावर. माझ्याकडे किलवरचा राजाच होता. एक्का-राजा दोन्ही एकाच पातळीवर दाखवायची इटालियन पद्धत घेतली तर नवशिक्याला झेपते का?

दुसरं, की-कार्डाच्या उत्तरांसाठी १४३० (५ किलवर म्हणजे १ किंवा ४, ५ चौकट म्हणजे ३ किंवा ०) की ३०१४ (याच्या उलट)? माझा कल १४३० कडे आहे. बदाम हुकूम असताना एका की-कार्डाला ५ किलवर उत्तर आलं की ५ चौकट म्हणून हुकमाची राणी विचारता येते आणि तरीही ५ बदामवर थांबता येतं. काका म्हणतात, आकडे उलटसुलट झाले तर तू निस्तर!

तिसरं सगळ्यात बिकट. किलवर हुकूम असेल तर ४ नोट्रम्पचं उत्तर सहज ५ किलवरच्या वर जातं. किकबॅक, म्हणजे ४ नोट्रम्पऐवजी हुकमाच्या वरच्या रंगाने विचारणा, घ्यावा (किलवरला ४ चौकट, चौकटला ४ बदाम), तर काका ४ बदाम म्हणजे बदामच समजून पास करतील, याची मला खात्री आहे. त्यापेक्षा हुकमाच्याच रंगाची ४ किलवर किंवा ४ चौकट हीच विचारणा ठेवणारे कुणी आहेत का? त्यात काय गमवावं लागतं?

ता.क. गर्बर (४ किलवरने एक्के विचारायची पद्धत) सुचवू नका. काकांना तो आधीच येतो, आणि ते तो वाट्टेल तिथे वापरतात.