मराठवाड्यातल्या विद्यापीठात हवामान बदलाची आंतरविद्याशाखीय संस्था हवी का?

गोदाकाठ (नांदेड)

परवा एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, दुष्काळात शाळा सुटलेल्या मुलींवर पीएचडी करायची आहे. समाजशास्त्रात केली तर पावसाचे आकडे कुणी शिकवणार नाही, भूगोलात केली तर मुलाखती कशा घ्यायच्या ते कुणी शिकवणार नाही. मी कुठे जाऊ?" मला उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत हवामान बदलासाठी दिवेचा केंद्र आहे, ते 2009 पासून. आयआयटी मुंबईतही अशा अभ्यासाचं आंतरविद्याशाखीय केंद्र आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते मात्र आपल्या लातूरला. आणि सप्टेंबर 2025 मध्ये सीना, मांजरा, गोदावरीच्या पुरात माती खरडून गेली तीही आपलीच. नऊ वर्षांत दोन्ही टोकं पाहिली आपण. सगळ्या विद्याशाखा एकत्र बसतील अशी संस्था मराठवाड्यातल्याच विद्यापीठात हवी, असं मला मनापासून वाटतं. तुमचं काय म्हणणं?

कोरडवाहू (परभणी जिल्हा)

सर, राग मानू नका, पण मला नाही पटत. दर मंगळवारी अन् शुक्रवारी परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला मोबाइलवर येतोच. सप्टेंबरातबी आला होता. पावसाचा अंदाज बरोबर होता. खाली लिहिलेलं, "काढणी केलेले सोयाबीन सुरक्षित ठिकाणी ठेवावे." कुठं ठेवावं? घरात दोन खोल्या, त्यातली एक आईची. गंजी रानातच लावली, वरून ताडपत्री. चौथ्या दिवशी गंजीत हात घातला तर आत वाफ निघायली अन् हातात आलेल्या शेंगांतून कोंब बाहेर आलेले. बायको तिथंच बांधावर बसली.

अंदाज कमी पडला नव्हता, शेड कमी पडली. पैसा आलाच तर आधी गावात चार पत्रे ठोका.

मांजरापट्टा

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. सगळं हवामानावर ढकललं की माणसं सुटतात. लातूर तहानलं तेव्हा मांजरा धरण आटलं होतं हे खरं, पण त्याच खोऱ्यात आधीची कित्येक वर्षं ऊस वाढत गेला. आपल्याखाली बेसाल्टचा कातळ, त्यात पाणी मुरायला जागा थोडी. तरी सातशे-आठशे फुटांवर बोअर घेतोय. बहात्तरच्या दुष्काळात खायला नव्हतं पण विहिरीत पाणी होतं, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात. जायकवाडीत वरून पाणी सोडायचं म्हटलं की नाशिक-नगरकडून कोर्टकचेरी सुरू. हे वाटपाचे प्रश्न आहेत. त्यांना 'हवामान बदल' नाव दिलं की जबाबदारी ढगांवर जाते आणि खालचे सगळे मोकळे.

गोदाकाठ

मांजरापट्टा, तुमची भीती मला मान्य आहे. ऊस बाजूला ठेवणारी संस्था होणार असेल तर मलाही नको.

पण जायकवाडीचंच घ्या. गोदावरी खोऱ्यातल्या धरणांच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीच्या सूत्रात 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्के साठा आहे की नाही ते बघायचं आणि वरच्या धरणांतून किती सोडायचं ते ठरवायचं, असं आहे. पावसाची चाल बदलत असेल, जून-जुलै कोरडे जाऊन सगळा भार सप्टेंबरावर येत असेल, तर ही तारीख आणि हा टक्का बरोबर राहतो का? याचं उत्तर एकटा जलशास्त्रज्ञ देऊ शकत नाही, एकटा वकीलही नाही. पिकांचा हिशेब मांडणारा अर्थतज्ज्ञही शेजारी बसलेला लागतो. आपण भांडायला जातो तेव्हा आपल्या हातात आपला अभ्यास नसतो, समोरच्याच्या हातात असतो. हे मला फार लागतं.

उपकेंद्रवाली (बीड)

मी आरोग्य खात्यात, ऊसतोड कामगारांच्या गावांत काम करते. 2019 मध्ये शासनाच्या समितीने आमच्या जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड महिलांची माहिती घेतली, त्यातल्या 13 हजारांवर बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. तेव्हा सगळे डॉक्टरांवर बोलले, आणि बोलायलाच हवं होतं. पण ती बाई कोयता घेऊन का गेली? रान पिकलं नाही म्हणून. आगाऊ पैशांची उचल घेतली, एका दिवसाचाही खाडा परवडेना, पाळी नको झाली, ऑपरेशन झालं. पावसापासून ऑपरेशन टेबलापर्यंतची ही साखळी आहे. पावसाची वही एका खात्यात, आजाराची दुसऱ्यात, उचलीची तर कुठेच नाही.

म्हणून माझा पाठिंबा. एक अट मात्र आहे. आजवर पुष्कळ जण प्रश्नावली भरून घेऊन गेले, काय निघालं ते सांगायला कुणी परत आलं नाही. बायका आता मलाच विचारतात, "ताई, मागच्याचं काय झालं?"

काळीआई

संभाजीनगरात वाल्मी, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था, 1980 पासून आहे. कृषी विद्यापीठात कोरडवाहू शेतीचं संशोधन आहे. पोकरा, म्हणजे शासनाचा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, 2018 पासून चालू आहे. रुंद वरंबा सरीचं तंत्र आपल्याकडे शेतात पोहोचलं ते याच लोकांमुळे. माझ्याच रानात वरंब्यावरचं सोयाबीन तगलं आणि शेजारचं सपाटावरचं पाण्यात पिवळं पडलं. आधी आहे ते बळकट करा. नवी संस्था म्हणजे कोनशिला, कंपाउंड, संचालकाची गाडी आणि कंत्राटावर राबणारी पोरं. आमच्या महाविद्यालयात भूगोलाला कायमचा प्राध्यापक नाही, तासिका तत्त्वावर भागवतात.

गोदाकाठ

इमारत मी मागतच नाही, सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठात हवामान बदलाच्या संशोधनाचं ओश्गर केंद्र आहे, 2007 पासून. तिथे हवामानशास्त्र, अर्थशास्त्र, कायदा, इतिहास या विभागांतली माणसं आपापल्या विभागात राहून एकत्र संशोधन करतात. आपल्याकडेही संभाजीनगर, परभणी, नांदेड या तिन्ही विद्यापीठांनी आणि वाल्मीने मिळून सामाईक मार्गदर्शक नेमले तरी त्या मुलीला वाट सापडेल. रिकामी पदं भरण्याची मागणी मात्र पहिली, तिथे काळीआईंशी माझा वाद नाही.

कोरडवाहू

मग एक काम सांगतो, ते करणार असाल तर मी बरोबर आहे. 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पडला की अतिवृष्टी धरतात. पाऊस मोजायचं यंत्र महसूल मंडळाच्या गावी, आमचं शिवार तिथून अकरा किलोमीटर. एका रात्री ओढा रस्त्यावरून वाहिला, दोन शेळ्या गेल्या. सकाळी यंत्रात 61. चार मिलिमीटर कमी म्हणून आमचं गाव पंचनाम्यात बसलं नाही. कार्यालयात गेलो तर म्हणले, आकडा वरून येतो. मंडळाच्या आकड्यात अन् शिवारातल्या पावसात किती फरक पडतो, हे कुणीतरी मोजून छापा. आम्ही तोंडी सांगितलेलं कुणी धरत नाही.

मांजरापट्टा

अशा कामाला माझाही पाठिंबा. ऊस आणि बोअरची मोजणीही त्याच यादीत घाला, नाहीतर मी पुन्हा विरोधातच.

गोदाकाठ

घातली. कोरडवाहू, तुमच्या गावात कुणाकडे पावसाच्या जुन्या नोंदी आहेत का?

कोरडवाहू

शाळेत पर्जन्यमापक होता. गुरुजी रोज सकाळी वहीत लिहायचे, 1986 पासूनच्या वह्या कपाटात आहेत. मधली तीन वर्षं उंदरांनी खाल्ली. उद्या किल्ली मागून फोटो टाकतो.