रेल्वे नदीपलीकडून गेली
जिथे नगरपालिका नाही, दुकानं नाहीत, अशा वस्तीला गाव का म्हणायचं, असा प्रश्न पडतो. अमेरिकेत कॅन्ससमधलं निकोडेमस बघा. गुलामीतून सुटलेली कृष्णवर्णीय कुटुंबं १८७७ मध्ये केंटकीहून येऊन तिथे वसली. उघडा माळ, घराला लाकूड मिळेना, म्हणून जमीन खोदून आत राहिली. नव्याने येणाऱ्यांना आधी दिसायचा तो जमिनीतून निघणारा धूर! पुढे १८८८ मध्ये रेल्वे सॉलोमन नदीच्या दक्षिणेकडून गेली आणि उत्तरेचं निकोडेमस बाजूला पडलं. दुकानदार उठून रुळांजवळच्या बोग या गावाला गेले. माझ्या मते दुष्काळापेक्षा हा घाव मोठा. तरी वस्ती मोडली नाही. १९९६ पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे आणि दूरदूर पांगलेले वंशज दर जुलैअखेरीस तिथे जमतात. मी तरी त्याला गावच म्हणेन.